वजन खरं सांगा, आणि आधी थांबायला शिका

प्रश्न: 26 जानेवारीला जोडून सुट्ट्या आल्यात म्हणून आम्ही दोघं आणि बारा वर्षांचा मुलगा काश्मीरला निघालोय. गुलमर्गसाठी रविवारचा एकच दिवस मिळतोय. मुलाला गोंडोलानं, म्हणजे तिथल्या केबल कारनं, अगदी वर जाऊन तिथून स्की करत खाली यायचंय. एका दिवसात जमेल का? तुम्ही सैन्यात होता, म्हणून विचारतो.
— एक वाचक, खानापूर

उत्तर: स्की जमेल, पण मुलगा म्हणतो तसं नाही.

गोंडोलाचे दोन टप्पे आहेत. पहिला कोंगडोरीपर्यंत, तो 1998 मध्ये सुरू झाला. दुसरा 2005 पासून अफरवाट शिखराच्या खांद्यावर जातो, जवळजवळ चार हजार मीटरवर. आपण बेळगाव-खानापूरची माणसं साडेसातशे मीटरच्या आतबाहेर राहणारी. तिथं नुसतं चाललं तरी धाप लागते. वरचा उतार मुरलेल्यांचा आहे. हिमस्खलनाचा धोका आहे, फेब्रुवारी 2024 मध्ये एक परदेशी स्कीपटू त्यात गेला. वर जाऊन बघून यायचं तर जा, स्की मात्र खालीच.

मी स्की शिकलो ते गुलमर्गच्याच हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमध्ये, उंच डोंगरातली लढाई शिकवणाऱ्या लष्कराच्या शाळेत. 1948 साली ती सुरू केली जनरल थिमय्यांनी, म्हणजे आपल्या कोडगूच्या माणसानं. पहिल्या दिवशी मराठा लाईट इन्फंट्रीचे आम्ही सगळे गडी दिवसभर फक्त पडलो आणि उठलो. तुमच्या रविवारचा हिशेबही तेवढाच धरा: पडणं, उठणं, थांबणं.

थांबायचं असं. पायातल्या स्कीच्या पट्ट्यांची पुढची टोकं जवळ आणायची, मागची लांब. कौलारू घराचं छप्पर बाजूनं आढ्याशी मिळताना दिसतं ना, तसा आकार. टाचा बाहेर ढकलल्या की आतल्या कडा बर्फात रुततात आणि वेग मरतो. खरी अडचण अंगाची आहे. लावणीच्या दिवसांत बांधावरून चिखलात उतरताना आपण अंग मागं टाकतो. स्कीवर तसं केलंत की पट्ट्या तुमचं ऐकायच्या बंद होतात आणि अजून पळतात. नडगी बुटाच्या पुढच्या भागावर दाबून ठेवायची, भीती वाटली की जास्तच. मुलगा हे तुमच्या आधी शिकेल. पडायचं झालं तर कुशीवर, डोंगराच्या बाजूला. उठताना पट्ट्या उताराला आडव्या करा, नाहीतर उठल्या उठल्या निघालात.

आता वजनाचं. बुटाला पट्टी धरून ठेवणारी पकड वजन, उंची आणि कसब बघून आवळतात. पडल्यावर पाय मुरगळू नये म्हणून ती योग्य वेळी सुटायला हवी. निवृत्तीनंतर मी पुतण्याला घेऊन गेलो, तेव्हा दुकानदारानं वजन विचारलं आणि माझ्या तोंडून पलटणीतलंच निघालं: 68. काट्यावर मी 82. पकड ढिली बसली. रविवारची गर्दी, दोरीनं वर ओढणाऱ्या ड्रॅग लिफ्टची रांग, आणि माझी डावी पट्टी तीनदा सुटली. तिसऱ्यांदा मागचे चौघं माझ्यावर येऊन पडले. पुतण्या वरून ओरडतोय, "काका, काय करूलास गा?" तेव्हा पोट लपवू नका. मुलाचं वजनही अंदाजानं वाढवून सांगू नका. पकड जास्त आवळली तर ती सुटतच नाही, आणि ते माझ्या फजितीपेक्षा वाईट.

ड्रॅग लिफ्ट म्हणजे दोरीला लोंबणारी चकती, मांड्यांमध्ये धरायची. तिच्यावर बसायचं नाही. ती ओढते, आपण उभं राहायचं. नवखा हमखास बसतो आणि आडवा होतो.

गर्दीचं म्हणाल तर जुलैतल्या रविवारी आंबोलीच्या धबधब्यापाशी काय होतं ते आठवा, फक्त बर्फात. टंगमर्गपासून वर 13 किलोमीटरचा घाट, बर्फ असेल तर टायरला साखळ्या. श्रीनगरहून अंधारातच निघा. गोंडोलाची तिकिटं आधीच ऑनलाइन काढा, दारात मिळेल या भरवशावर राहू नका. वारा सुटला की दुसरा टप्पा बंद. आणि आपल्याकडचं प्रीपेड सिम तिथं चालत नाही, म्हणून तिकिटाचा छापील कागद खिशात असू द्या. उतरल्याबरोबर बर्फावरून घसरगाडी ओढणारे स्लेजवाले घेरतील. एकदाच नम्रपणे नाही म्हणा आणि चालत राहा, थांबलात की भाव सुरू.

मोजे एकच जोडी, पातळ. वहिनी दोन जोड्या घालायला लावतील, पण त्यानं बूट आवळतो, रक्त फिरत नाही आणि पाय उलट गार पडतो. काळा चष्मा तिघांनाही, बर्फावरचं ऊन डोळे जाळतं. प्रशिक्षक घ्याच, तिथं काटकसर नको. काटकसर करायचीच तर दुसऱ्या टप्प्याच्या तिकिटात करा.

बर्फ असेलच असंही धरून चालू नका. चिल्लई कलान, म्हणजे 21 डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, हा तिथला भर थंडीचा काळ. तरी जानेवारी 2024 मध्ये गुलमर्ग कोरडं पडलं होतं. निघायच्या आठवड्यात हवामान बघा.

दुपारी दोन-अडीचला मुलाच्या मांड्या थरथरायला लागतील. तो "अजून एकदा" म्हणेल. नाही म्हणा, दमलेला पायच मोडतो. त्याला टपरीवर नेऊन गुलाबी नून चाय पाजा. खारट असतो, आधीच सांगून ठेवा.