मुंबईत रात्र काढायची तर
बारा जण असाल तर आधी परतीचं ठरवा, खाण्याचं मग. लोकल साधारण रात्री १ ते पहाटे ४ बंद. शेवटची चुकली की काळी-पिवळी. तिच्यात चौघंच, म्हणजे तीन टॅक्सी, आणि मध्यरात्र ते ५ भाडं २५ टक्के जास्त. रिक्षा वांद्रे-सायनच्या दक्षिणेला येत नाही, हे बाहेरगावची मुलं हमखास विसरतात.

सीएसएमटीची रोषणाई बघून चालत मरीन ड्राइव्ह गाठा. कट्ट्यावर दोन-तीन तास सहज जातात. बाटल्या मात्र नकोत, पोलीस उठवतात. मग चर्चगेटहून पहिली लोकल धरून दादरच्या फुलबाजारात. ओल्या गोणपाटावर झेंडूचे ढीग, आणि वाटेत फोटोला थांबलात तर पाटीवाल्याचा धक्का ठरलेला.

वर्गणी आधीच एकाकडे जमा करा. पहाटे हिशेबावरूनच भांडणं होतात.