पाठीतल्या पाण्यातली बुरशी: मेडिसिन की मायक्रोबायोलॉजी?

प्रश्न: मी इंटर्न आहे. आमच्या वॉर्डात एका तरुण शेतकऱ्याला टीबीचा मेनिन्जायटिस (मेंदूच्या आवरणाची सूज) समजून महिनाभर औषधं दिली. शेवटी क्रिप्टोकोकस ही बुरशी निघाली. एचआयव्ही निगेटिव्ह, शुगर नॉर्मल. अशा निदानात काम करायचं तर एमडी कशात करू?

उत्तर: मायक्रोबायोलॉजीत करा. मात्र वॉर्डाची पायरी सोडू नका, कारण हे निदान बहुतेक वेळा तिथेच हुकतं. रुग्ण धडधाकट, म्हणून बुरशीची तपासणी कुणी लिहीतच नाही. त्यात पाठीतल्या पाण्याचा रिपोर्ट हुबेहूब टीबीसारखा: लिम्फोसाइट्स (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेले, प्रोटीन जास्त, साखर कमी. क्रिप्टोकोकस गॅटी ही जात तर चांगल्या प्रतिकारशक्तीच्या माणसालाही गाठते.

लॅबमध्ये मिलिलिटरभर पाणी येतं, तेही तीन नळ्यांत वाटून. शक्य असेल तर १० मिली मागा, सेंट्रिफ्यूज करा आणि गाळ तपासा. गाळाचा थेंब, शेजारी इंडिया इंक या काळ्या शाईचा थेंब, वर कव्हरस्लिप, मायक्रोस्कोपचा उजेड कमी. गोल पेशीभोवती स्वच्छ, रेखीव कडेचं वलय आणि फुटलेला अंकुर दिसला तर बुरशी. वलयाची कड धूसर असेल तर ती बहुधा लिम्फोसाइट. नवखा इथेच फसतो. एचआयव्ही नसलेल्यांत बुरशीची संख्या कमी असते, त्यामुळे इंक निगेटिव्ह आली म्हणून विषय मिटत नाही. अँटिजेनची (बुरशीच्या कवचातल्या द्रव्याची) पट्टी दहा मिनिटांत उत्तर देते. अँटिजेन अतोनात असेल तर तीही खोटी निगेटिव्ह येऊन चकवते, मग नमुना पातळ करून पुन्हा लावायची. सॅबूरो या बुरशी वाढवायच्या माध्यमावरचं कल्चर चार आठवडे ठेवायचं असतं. पुष्कळदा ते बॅक्टेरियाच्या हिशोबानं तिसऱ्या दिवशीच फेकलं जातं!

पाणी काढताना मॅनोमीटरनं दाब मोजणं हे मात्र वॉर्डाचं काम. पाण्याच्या २५ सेंमीच्या वर दाब तसाच राहिला तर नजर जाऊ शकते.

एमडी तीन वर्षांचं. पुढे बुरशीतच जायचं तर चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेचा मायकॉलॉजी (बुरशीशास्त्र) विभाग डोळ्यांसमोर ठेवा. रोगकारक बुरशींचा राष्ट्रीय संग्रह तिथेच आहे. लहान गावात या शाखेला नोकऱ्या कमी, पैसाही मेडिसिनपेक्षा कमी, हे घरी आधीच सांगून टाका. रुग्णाला स्वतः औषध द्यायचं असेल तर एमडी मेडिसिन आणि त्यावर तीन वर्षांचं डीएम इन्फेक्शस डिसीजेस (संसर्गजन्य आजारांची सुपरस्पेशालिटी), हा लांबचा रस्ता.

इलेक्टिव्ह (स्वतः निवडायची पोस्टिंग) शिल्लक असेल तर मायक्रोबायोलॉजीत घ्या आणि रोज स्लाइड्स पाहा. चौथ्या दिवशी कंटाळा आला, तर मेडिसिनचा फॉर्म भरा.