दात येताहेत, ताप आहे, जुलाब होताहेत आणि परवा कोकणात जायचंय

तुमचा प्रश्न वाचला आणि पोटात कालवलं. तेरा महिन्यांचा मुलगा, वरच्या दाढा येताहेत, दोन दिवस १०१ ताप, दिवसाला पाच-सहा पातळ शी, अन्न तोंडाला लावू देत नाही. परवा गणपतीसाठी दादरहून कुडाळची गाडी आहे आणि घरात सगळे म्हणताहेत, "दातांचं आहे, होईल बरं." गाडीत त्याला खायला काय न्यायचं, एवढंच तुम्ही विचारलंय.

खाण्याचं सांगतेच. पण आज संध्याकाळी त्याला बालरोगतज्ज्ञांकडे नेऊन आणा, तिकीट ठेवायचं की रद्द करायचं ते त्यांना विचारून ठरवा. मी डॉक्टर नाही. तीन वर्षांपूर्वी याच दिवसांत, याच मार्गाने, चौदा महिन्यांच्या मुलीला घेऊन मी गेले होते आणि "दातांचं आहे" या एका वाक्याच्या भरवशावर दीड दिवस घालवला होता.

तिला निघायच्या आदल्या दिवशी जुलाब सुरू झाले. अंग तापलेलं, लाळेने झबलं ओलं, हाताला लागेल ते चावायची. सगळी लक्षणं दातांचीच वाटली. आईने सांगितलं, शेजारच्या काकूंनी सांगितलं, मलाही ते खरं वाटलं, कारण तिच्या हिरड्या खरोखर सुजलेल्या होत्या. गाडीत चिपळूणपर्यंत तीनदा पाण्यासारखी शी झाली. रत्नागिरीनंतर ती रडायचीही थांबली, नुसती खांद्यावर पडून राहिली. मला वाटलं, दमून झोपली असेल. डायपर कोरडा होता, तेही मला बरंच वाटलं. रात्री घरी पोचलो तेव्हा आजेसासूबाईंनी तिला मांडीवर घेतलं, टाळूवर बोटं फिरवली आणि म्हणाल्या, "टाळू खोल गेली हा गो. आत्ताच्या आत्ता डॉक्टराकडे व्हर हिका."

डॉक्टरांनी सलाईन लावलं नाही. ओआरएसचं पाणी केलं आणि चमच्याने पाजत बसायला सांगितलं: किलोमागे ७५ मिली, म्हणजे माझ्या नऊ किलोच्या मुलीला चार तासांत साधारण ६७५ मिली. दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा. उलटी झाली की दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा सुरू करायचं, आणखी सावकाश. पहाटे तिने शू केली आणि मी आणि सासूबाई दोघी रडलो.

त्या डॉक्टरांनी सांगितलेली गोष्ट मी तेव्हापासून भेटेल त्या आईला सांगते. दात येताना लाळ गळते, हिरड्या शिवशिवतात, मूल किरकिरं होतं, रात्री झोपत नाही, अंग किंचित कोमट लागतं. पण १००.४ फॅरनहाइटच्या वरचा ताप आणि पाण्यासारखे जुलाब दातांमुळे होत नाहीत, त्यांचं कारण वेगळं असतं आणि ते शोधावं लागतं. मग दात आणि असं आजारपण एकाच वेळी का दिसतं? आईकडून आलेली प्रतिकारशक्ती सहा महिन्यांच्या सुमाराला ओसरू लागते, त्याच वयात मूल रांगायला लागतं, जमिनीवरचं जे मिळेल ते शिवशिवणाऱ्या हिरड्यांखाली घालतं आणि जंतू पोटात जातात. शिवाय वीस दुधाचे दात यायला साधारण सहाव्या महिन्यापासून अडीच-तीन वर्षांपर्यंत वेळ लागतो. एवढ्या काळात आलेलं कुठलंही आजारपण कुठल्या ना कुठल्या दाताच्या वेळी येणारच.

आता ओआरएसबद्दल. औषधाच्या दुकानात पावडरची पाकिटं मिळतात, एक लिटरची आणि २०० मिलीची छोटी. प्रवासाला छोटी न्या. एक पूर्ण पाकीट बरोबर २०० मिली उकळून गार केलेल्या पाण्यात घालायचं. अर्धं पाकीट अंदाजाने वापरलं की मिठाचं प्रमाण बिघडतं, आणि ते या वयात धोक्याचं आहे. केलेलं पाणी २४ तासांनंतर टाकून द्यायचं. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली, म्हणजे पाव ते अर्धा कप. पाकीट मिळालंच नाही तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, तेही मोजूनच.

खोक्यातली, फळांच्या चवीची गोड पेयं ओआरएस म्हणून घेऊ नका. आमच्या वेळी निघताना दुकानदाराने मला तसंच एक दिलं होतं, नावात ओआरएस होतं आणि आत भरपूर साखर. जास्त साखरेने जुलाब वाढतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का, ते वाचून घ्या. डॉक्टर बहुतेक झिंकही देतील, सहा महिन्यांच्या वरच्या मुलांना रोज २० मिग्रॅ, १४ दिवस. जुलाब थांबले तरी ते पुरं करा. गावच्या गडबडीत आमच्याकडून ते राहिलं होतं.

तापाच्या औषधात एक मोठी चूक सहज होते. आपल्याकडे पॅरासिटामॉल थेंबांत आणि सिरपमध्ये वेगवेगळ्या ताकदीचं मिळतं. थेंबांच्या बाटलीत बहुधा एका मिलीत १०० मिग्रॅ असतं, सिरपमध्ये पाच मिलीत १२० किंवा १२५, आणि एक २५० चं. माझ्या मुलीला एका वेळी १२५ मिग्रॅ सांगितलं होतं. ते थेंबांचं सव्वा मिली होतं, १२५ च्या सिरपचं पाच आणि २५० च्या सिरपचं अडीच. घरची बाटली विसरली आणि गावातून दुसरी आणली, की आकडा तोच ठेवून भलताच डोस जातो. म्हणून डॉक्टरांकडून डोस मिलिग्रॅममध्ये लिहून घ्या, एकच बाटली बरोबर ठेवा, आणि दिलेली वेळ मोबाईलमध्ये नोंदवा. आई, बाबा आणि आजी अशा तिघांनी एकेकदा दिलं, असं गर्दीच्या घरात होतं. दोन डोसांत किमान चार ते सहा तास हवेत. ॲस्पिरिन मुळीच नको. हिरड्यांना लावायची बधिर करणारी जेल दोन वर्षांखाली नको. जुलाब थांबवणारी मोठ्यांची गोळी चुरून देऊ नका.

जायफळ उगाळून देण्याबद्दल गावात नक्की कुणीतरी सुचवेल, आमच्याकडेही सुचवलं होतं. प्रेमानेच सुचवतात. पण त्याने मूल झोपाळू झालं, तर ते पाणी कमी पडून मलूल झालंय की जायफळाने झोपलंय हे तुम्हाला कळणार नाही. नम्रपणे नको म्हणा.

आता खाणं. दोन दिवस त्याने जेवण सोडलंय म्हणून तुम्ही घाबरला आहात, तेही माझ्या ओळखीचं आहे. ताप असताना आणि हिरड्या दुखत असताना मूल चावत नाही, गिळतं. म्हणून सगळं गिळता येईल असं द्या: गुरगुट्या भात तूप घालून, मुगाच्या डाळीची पातळ खिचडी, तांदळाची पेज, नाचणीचं सत्त्व, कुस्करलेलं पिकलेलं केळं, घरचं ताजं दही-भात. तूप सोडू नका, आजारी मुलाला ताकद लागते. अंगावर पीत असेल तर जितकं मागेल तितकं पाजा, त्या दिवसांत माझी मुलगी त्यावरच तरली. दर दोन-अडीच तासांनी चार-पाच चमचे गेले तरी पुष्कळ झालं. जबरदस्तीने कोंबलं की उलटी होते आणि प्यालेलं पाणीही जातं.

गाडीसाठी मी पुढच्या वर्षी एक युक्ती केली आणि ती जमली. एक वाटी तांदूळ आणि अर्धी वाटी मूगडाळ धुऊन, वाळवून, मंद आचेवर चांगली खमंग भाजली आणि मिक्सरमध्ये बारीक रव्यासारखी भरड केली. तोंड रुंद असलेला स्टीलचा थर्मास आधी उकळत्या पाण्याने गरम करून घेतला, त्यात दोन मोठे चमचे भरड, चिमूटभर मीठ, जिऱ्याची पूड आणि वाटीभर कडकडीत उकळतं पाणी घालून झाकण लावलं. अर्ध्या-पाऊण तासात मऊ पेज तयार. दुसऱ्या थर्मासमध्ये उकळतं पाणी होतं, म्हणून दर वेळी ताजी करता आली. घरून शिजवलेला भात डब्यात घालून नेऊ नका, पावसाळ्यातल्या दमट हवेत शिजलेला भात दोन तासांपलीकडे भरवशाचा राहत नाही. गाडीतल्या सॉकेटला किटली लावायला रेल्वेची बंदी आहे, तो विचार सोडा.

हिरड्यांसाठी स्वच्छ मऊ फडकं ओलं करून फ्रीजमध्ये थंड करा आणि डब्यात बर्फाची पिशवी घालून न्या. तो चावेल आणि त्याला बरं वाटेल. खारीक, कच्चं गाजर, टोस्ट यांतलं काही धावत्या गाडीत हातात देऊ नका. एका धक्क्यात तुकडा घशात अडकू शकतो.

पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या गाड्या वेगळ्या वेळापत्रकाने, कमी वेगाने धावतात, गणपतीच्या दिवसांत उशीरही होतो. ठरल्या वेळेपेक्षा चार तास जास्त धरून डायपर, पाणी आणि कपडे घ्या. बोगद्यांत फोन लागत नाही, रत्नागिरीच्या अलीकडचा करबुडे बोगदाच साडेसहा किलोमीटरचा आहे. डॉक्टरांना फोन करायचा असेल तर चिपळूणलाच करा. गाडीत गरज पडली तर टीसींना सांगा किंवा १३९ ला फोन करा, पुढच्या स्थानकावर डॉक्टर येऊ शकतात. उतरल्यावर रुग्णवाहिकेसाठी १०८. शी धुतल्यावर आणि भरवण्याआधी हात साबणाने धुवा, सॅनिटायझरवर राहू नका.

पुढचं काही दिसलं तर निघू नका, आणि वाटेत दिसलं तर उतरून दवाखाना गाठा: सहा-आठ तास शू नाही, डोळे किंवा टाळू खोल गेलेली, रडताना अश्रू नाहीत, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळू मागे जाते, शीमध्ये रक्त, प्यालेलं सगळं उलटून पडतं, झटका, किंवा हाक मारली तरी मूल नीट बघत नाही. माझी मुलगी गप्प झाली तेव्हा मला हे माहीत नव्हतं.

गावी पोचल्यावर विहिरीचं पाणी उकळूनच द्या आणि त्याला भरवायचं काम एकाच माणसाकडे ठेवा. येणारा प्रत्येक जण मायेने त्याच्या तोंडात काहीतरी घालायला बघेल.

तुम्ही त्याचं वजन लिहिलेलं नाही. संध्याकाळी दवाखान्यात आधी वजन करून घ्या आणि कागदावर लिहून घ्या, पाजायचं पाणी आणि तापाचं औषध दोन्ही त्यावरच ठरतं. डॉक्टर काय म्हणाले ते इथे कळवलंत तर बरं वाटेल, मी रात्री बघेन.