मंजुरीपत्र येईपर्यंतचे काम

रत्नागिरी,
मे महिन्याची अखेर

प्रिय,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. खाडीतल्या तिसऱ्यांवरच्या (वाळूत राहणाऱ्या शिंपल्यांवरच्या) संशोधनाच्या अनुदानासाठी गणपतीनंतर लगेच पाठवलेल्या प्रस्तावाला आठ महिने होत आले, पोर्टल उघडले की 'प्रस्ताव विचाराधीन' हीच ओळ दिसते आणि महाविद्यालयात प्राचार्यांपासून प्रयोगशाळेतल्या मामांपर्यंत प्रत्येक जण 'काय झाले तुमच्या प्रोजेक्टचे?' असे विचारतो, हे वाचून मला फार वाईट वाटले. नोकरीची पहिली चार-पाच वर्षे अशीच जातात. वर्गाचे तास, परीक्षेचे पेपर आणि नॅकच्या (महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या) फायली यांतून उरलेल्या वेळात माणूस जीव ओतून एक प्रस्ताव लिहितो आणि मग त्याचे काय झाले हे सांगणारे कोणीच नसते. तू विचारले आहेस की थांबायचे कसे. मला जे प्रामाणिकपणे सांगावेसे वाटते ते सगळे लिहिते.

आधी उशिराविषयी. प्रस्ताव दाखल झाला की तो नियमांत बसतो की नाही याची छाननी होते, मग विषयातल्या दोन-तीन तज्ज्ञांकडे तो परीक्षणासाठी जातो. हे तज्ज्ञ आपापल्या संस्थांत शिकवणारे, स्वतःचे विद्यार्थी सांभाळणारे असतात आणि हे परीक्षण रोजच्या कामात वेळ काढून करतात. त्यांतल्या एकाने नकार दिला किंवा उत्तरच दिले नाही, तर नवा परीक्षक शोधण्यापासून पुन्हा सुरुवात करावी लागते. सगळे अभिप्राय आले की विषय समितीची बैठक, तिची शिफारस, मग वित्त विभागाची संमती, मग मंजुरीचा आदेश, आणि आदेशानंतर पहिला हप्ता खात्यावर जमा होईपर्यंत आणखी काही आठवडे. यांतल्या कुठल्याही पायरीवर प्रस्ताव थांबला असेल, तरी बाहेरून तो 'विचाराधीन'च दिसतो. म्हणून त्या ओळीतून होकाराचा किंवा नकाराचा अंदाज काढत बसू नकोस.

सहकाऱ्यांनी सांगितलेल्या मुदतींवरही फार विसंबू नकोस. २००८ च्या कायद्याने उभे राहिलेले एसईआरबी, म्हणजे विज्ञान संशोधनाला अनुदान देणारे केंद्राचे मंडळ, २०२३ च्या कायद्यानुसार अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये सामावले गेले आणि तो कायदा ५ फेब्रुवारी २०२४ पासून लागू झाला. योजनांची नावे, रकमा, अर्जाचे नमुने असे बरेच काही त्यानंतर बदलले. त्यामुळे 'आम्हाला चार महिन्यांत कळले होते' असे कोणी म्हणाले, तर ते त्या वेळेपुरते खरे असेल, पण तुझ्या प्रस्तावाला ते माप लावता येत नाही.

आता मुख्य गोष्ट. तू उशीर महिन्यांत मोजते आहेस. तुझा विषय तिसऱ्यांचा आहे आणि तिसऱ्यांच्या कामात उशीर हंगामांत मोजावा लागतो. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एप्रिल-मेमध्ये समुद्राइतकी, म्हणजे हजारी पस्तिसाच्या आसपास क्षारता असलेली खाडी जुलैत काही ठिकाणी जवळजवळ गोडी होते आणि नवरात्रानंतर पुन्हा हळूहळू खारट होत जाते. या उतार-चढावात बारीक तिसऱ्या वाळूत कधी दिसू लागतात, किती टिकतात आणि त्या गोळा करणाऱ्या बायकांच्या पाटीत येण्याएवढ्या मोठ्या कधी होतात, हाच तुझ्या प्रस्तावाचा गाभा आहे. मंजुरी ऑगस्टमध्ये आली, पैसे डिसेंबरमध्ये आले आणि तू जानेवारीत वाळूवर मोजणीची पहिली चौकट टाकलीस, तर ऑक्टोबर-नोव्हेंबर हातचा गेलेला असेल. तो पुन्हा यायला पुढचे वर्ष उजाडावे लागेल, आणि तीन वर्षांच्या प्रकल्पातले एक वर्ष तिथेच संपेल.

हे मी अनुभवाने लिहिते आहे. माझा पहिला प्रस्ताव अडकला होता तेव्हा मी जवळजवळ सव्वा वर्ष काहीही केले नाही. पैसे नाहीत तर काम कसले, असे मला मनापासून वाटत होते आणि मी रोज टपालाची वाट पाहत होते. अनुदान आले तेव्हा मी ज्या खाडीवर काम करणार होते तिच्या मुखाशी वाळूचा उपसा सुरू होऊन पाच महिने झाले होते. तिसऱ्यांचा एक अख्खा थर नाहीसा झाल्याचे तिथल्या बायका सांगत होत्या, मलाही ते डोळ्यांनी दिसत होते, पण उपशापूर्वी तिथे चौरस मीटरला किती तिसऱ्या होत्या याचा एकही आकडा माझ्या वहीत नव्हता. त्या सव्वा वर्षात मी महिन्यातून एकदा जरी गेले असते, तरी तो आकडा असता. माझ्या अहवालात त्या बायकांचे म्हणणे 'स्थानिकांच्या मते' या दोन शब्दांत संपले, आणि याची खंत मला आजही आहे.

म्हणून माझे सांगणे असे की, जे काम पैशांवाचून होते ते येत्या उधाणापासून सुरू कर. प्लंबरकडून अर्ध्या इंचाच्या पीव्हीसी पाइपची पन्नास सेंटिमीटरची चौकोनी चौकट करून घे आणि पाइपला चारी बाजूंनी भोके पाडायला सांग, म्हणजे पाणी आत शिरून ती तरंगणार नाही. चाळण घरातली चालेल, मात्र एकदा ठरवलेली चाळण वर्षभर बदलू नकोस, नाहीतर बारीक तिसऱ्यांच्या संख्येत पडलेला फरक खाडीतला की चाळणीच्या भोकांतला हे तुलाच कळणार नाही. हातात धरायचा क्षारतामापी काही हजारांत मिळतो. काचेवर पाण्याचे दोन थेंब टाकायचे, झाकण लावायचे, उजेडाकडे तोंड करून आत पाहायचे आणि निळा-पांढरा रंग जिथे मिळतो तिथला आकडा वाचायचा. वापरून झाला की काच गोड्या पाण्याने धुवून मऊ कापडाने पुसायची, कारण वाळलेले मीठ काचेवर राहिले तर पुढच्या खेपेचा आकडा चुकतो. वहीत शिसपेन्सिलीनेच लिही. पेनची शाई खाडीच्या एका शिंतोड्याने पसरते.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास आपल्याकडे पूर्ण ओहोटी पहाटे असते आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत पाणी सर्वांत खाली जाते. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, दुपारी जाणे तुझ्या तासांच्या दृष्टीने सोयीचे असले, तरी त्या वेळी वाळूचे पट्टे पुरते उघडेच पडत नाहीत. तेव्हा महिन्यातून एकच सकाळ, पण उधाणाची, एवढे ठरव. त्या सकाळी पाच ठिकाणी चौकट टाकून आतली वाळू चाळायची आणि तिसऱ्या मोजायच्या, पाण्याची क्षारता आणि तापमान घ्यायचे आणि कोणाच्या तरी पाटीतल्या दोनशे तिसऱ्या विकत घेऊन वर्निअरने त्यांची लांबी मोजायची. विकत घेऊन, हे मी मुद्दाम लिहिते. तीन तास कमरेपर्यंत चिखलात उभे राहून गोळा केलेला माल मोजायला मागताना त्याचा बाजारभाव हातावर ठेवायचा असतो. पाऊस जोराचा असेल आणि नदीला पूर असेल, त्या महिन्यात पात्रात उतरायचे नाही. जेटीवरून क्षारता घेतलीस तरी पुष्कळ झाले.

या कामाने तुझ्या प्रस्तावाचे काय होईल हे मी सांगू शकत नाही. पण मुलाखतीला किंवा सादरीकरणाला बोलावले तर सहा महिन्यांचे स्वतःचे आकडे तुझ्यापाशी असतील, आणि प्रस्ताव परत आला तर पुढच्या अर्जात 'प्राथमिक निरीक्षणे' या शीर्षकाखाली लिहायला काहीतरी ठोस असेल. नव्या संशोधकाच्या प्रस्तावाबद्दल परीक्षकांच्या मनात बहुधा एकच शंका असते, ती म्हणजे हे काम या माणसाच्या हातून प्रत्यक्षात होईल का. केरळमध्ये कोल्लमजवळच्या अष्टमुडी खाडीतल्या तिसऱ्यांच्या मासेमारीला २०१४ मध्ये मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचे शाश्वत मासेमारीचे प्रमाणपत्र मिळाले, आणि असे प्रमाणपत्र मिळवणारी ती भारतातली पहिली मासेमारी ठरली. डिसेंबर ते फेब्रुवारी तिसऱ्या काढायच्या नाहीत हा तिथला नियम लोकांनी पाळला, कारण प्रजननाचा काळ कोणता हे वर्षानुवर्षे मोजून सांगणारे कोणीतरी होते. आपल्या काजळी, शास्त्री, वाशिष्ठी या नद्यांच्या खाड्यांसाठी असा नियम सुचवायचा असेल तर तो कशाच्या आधारावर सुचवायचा, हा प्रश्न तूच तुझ्या प्रस्तावाच्या पहिल्या पानावर विचारला आहेस. तो प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, म्हणून तो थांबून राहू नये असे वाटते.

पैशाच्या बाबतीत मात्र सावध राहा. मंजुरीपूर्वी केलेला खर्च अनुदानातून भरून मिळणार नाही असे धरूनच चाल, आणि पगारातून उपकरणे घेत सुटू नकोस. त्याऐवजी कागदपत्रांकडे लक्ष दे. तुझी दोन ठिकाणे कांदळवनाच्या हद्दीत येतात, तेव्हा तिथल्या कामासाठी वन विभागाच्या कांदळवन कक्षाच्या परवानगीचा अर्ज आत्ताच कर. बायकांच्या मुलाखती घ्यायच्या आहेत, तर नैतिकता समितीपुढे प्रश्नावली ठेव. उपकरणांची तांत्रिक वैशिष्ट्ये लिहून ठेव, कारण अनुदान फेब्रुवारीत आले तर ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपते, सरकारी वित्तीय नियमांतल्या जीएफआर १२-अ नमुन्यात उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते आणि सहा आठवड्यांत घाईने केलेली खरेदी पुढे लेखापरीक्षणात त्रास देते.

तुझ्या पत्रातल्या दोन गोष्टी मात्र मला खटकल्या, त्याही लिहिते. ज्या विद्यार्थ्याला तू प्रकल्प सहायक म्हणून घेणार आहेस, त्याला कोळंबी प्रकल्पात नोकरी चालून आली असताना 'थोडे थांब' असे तू सांगितलेस. त्याला थांबवू नकोस. तुझा पगार चालू आहे, त्याचा नाही. आजच फोन करून नोकरी घ्यायला सांग, आणि अनुदान आल्यावर रीतसर जाहिरात निघेल तेव्हा त्याला हवे असल्यास तो अर्ज करील.

दुसरी गोष्ट खाडीवरच्या बायकांची. प्रकल्पातून तिसऱ्या स्वच्छ करण्याची टाकी बसेल असे तू त्यांना बोलून गेलीस, आणि आता 'काय गो बाय, आले काय तुझे पैसे?' असे त्यांनी विचारले की तिथे जाणे तुला नकोसे होते. त्या तुझी चेष्टा करत नाहीत. तू सांगितलेले त्यांनी खरे मानले आहे. पुढच्या वेळी जाशील तेव्हा स्वतःहून सांग की प्रस्ताव अजून मंजूर झालेला नाही, होईलच अशी खात्री नाही, आणि टाकीचे मी आधी बोलायला नको होते. मग म्हण की दर महिन्याला मोजायला मात्र मी येणार आहे. मला त्या बायकांचा जो अनुभव आहे त्यावरून सांगते, खरे सांगणाऱ्याला त्या जागा दाखवतात.

पोर्टल आठवड्यातून एकदा, सोमवारी सकाळी पाहा आणि फोनवरून ते काढून टाक. पावसाळा संपेपर्यंत काही कळले नाही, तर प्रस्तावाचा क्रमांक देऊन चार ओळींचे एक सभ्य ईमेल कर. 'वरून कोणाला तरी सांगायला लाव' असा सल्ला देणारे तुला भेटतील, कदाचित भेटलेही असतील. तसे करू नकोस. एकदा तसे केलेस की प्रस्ताव गुणवत्तेवर मंजूर झाला की ओळखीवर, हा प्रश्न तुझ्या मनातून कधीच जाणार नाही. हाच प्रस्ताव गुपचूप दुसऱ्या संस्थेकडेही पाठवू नकोस. तो इतरत्र दिलेला नाही असे हमीपत्र बहुधा आपण सही करून दिलेले असते, ते एकदा काढून वाच. प्रश्नावलीचा भाग स्वतंत्र करून विद्यापीठाच्या छोट्या अनुदानासाठी देता येईल, पण पहिल्या प्रस्तावाचा उल्लेख त्यात स्पष्ट हवा.

नकार आला तर अभिप्राय त्याच दिवशी वाच, पण उत्तराचा विचार पंधरा दिवसांनी कर, आणि तेव्हा मला घेऊन बस. परीक्षकाने चुकीचे वाचले असेल, तर बहुतेक वेळा ते वाक्य आपणच नीट लिहिलेले नसते. माझ्या एका प्रस्तावात असे दोनदा झाले आणि तिसऱ्या खेपेला ते दोन परिच्छेद नव्याने लिहिल्यावर तो मंजूर झाला.

येत्या अमावास्येनंतरच्या दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी भाट्याच्या पुलापाशी येते. पाऊस धरला नसेल तर त्याच दिवशी पहिली चौकट टाकू. क्षारतामापी आणि वर्निअर माझ्याकडे आहेत, दोन्ही पुसून ठेवले आहेत. चौकट आणि चाळण तू आण, आणि पायांत जुने बूट घाल, कालवांच्या कडांनी तळवे कापतात.

तुझी,
मॅडम