हजेरीवहीत ‘रसिक’

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, नुकतीच नोकरीला लागले असताना, मी ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक पाहिले होते. माझा भाचा आज समलिंगी हक्कांच्या चळवळीत काम करतो. “तुमची चळवळ तेंडुलकरांनीच सुरू केली,” असे मी त्याला म्हणाले, तर तो हसला. आमच्यापैकी कोणाचे बरोबर?
– एक वाचिका, मिरज

उत्तर : आपल्या भाच्याचे हसू समजण्यासारखे आहे, तरी त्याने ते थोडे आवरले असते तर बरे झाले असते. विजय तेंडुलकरांचे हे नाटक १९८१ साली रंगमंचावर आले, तेव्हा मुंबईत किंवा पुण्यात समलिंगी व्यक्तींची उघडपणे काम करणारी संघटना नव्हती. त्यामुळे या नाटकातून चळवळ निघाली असे म्हणता येत नाही, आणि चळवळीतून हे नाटक निघाले असेही नाही. ते एकटेच आले आणि पुष्कळ दिवस एकटेच राहिले. तेंडुलकरांच्या इतर नाटकांवर जेवढी शाई खर्ची पडली, तेवढी या नाटकाच्या वाट्याला आली नाही.

तरीही आपल्या आठवणीला आधार आहे. रोहिणी हट्टंगडी यांनी उभी केलेली सुमित्रा ऊर्फ मित्रा आपल्याला आठवत असेल. स्वातंत्र्यपूर्व काळातल्या महाविद्यालयातली ही मुलगी कॉलेजच्या नाटकात पुरुषाची भूमिका करते आणि त्या नाटकाच्या निमित्ताने नमा नावाच्या मुलीवर तिचा जीव जडतो. एरवी जे बोलता येत नाही, ते भूमिकेच्या आडोशाने तिला काही काळ बोलता येते. नाटक उतरते, आडोसा जातो आणि मित्राची फरपट सुरू होते. हे सारे आपण बापू नावाच्या तिच्या मित्राच्या तोंडून ऐकतो. म्हणजे प्रेक्षकांना मित्रापर्यंत पोहोचवण्यासाठी १९८१ साली तेंडुलकरांसारख्या नाटककारालाही एक भिडस्त, सर्वसामान्य तरुण मध्ये बसवावा लागला. शेवट मृत्यूचाच आहे. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘उंबरठा’ या चित्रपटात महिलाश्रमातील दोन स्त्रियांच्या संबंधांचा प्रसंग होता, आणि तेथील अधीक्षिका त्याकडे सहानुभूतीने, पण आजार म्हणूनच पाहते. त्या काळातली सहानुभूती येथपर्यंत पोहोचली होती.

संघटित कामाची सुरुवात मुंबईत पत्रकारितेच्या अंगाने झाली. पत्रकार अशोक राव कवी यांनी १९८६ मध्ये एका इंग्रजी मासिकाला मुलाखत देऊन आपण समलिंगी असल्याचे जाहीरपणे सांगितले आणि १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक काढले. त्यात ‘खुश खत’ नावाचे एक सदर असे. लोक आपल्याविषयी चार ओळी लिहून पाठवीत आणि त्यांच्याशी पत्रव्यवहार करता येई. चळवळीच्या इतिहासात हे सदर किरकोळ समजले जाते, पण माझ्या मते त्या अंकांतील लेखांपेक्षा याच चार ओळींनी अधिक काम केले. नाटक पाहून घरी परतलेल्या एखाद्या ‘मित्रा’ला, तिच्यासारख्या मुलीला, पत्र पाठवायला पत्ता कोठे होता? तो पत्ता मिळायला नऊ वर्षे लागली.

आता भाच्यालाही एक सांगावे. ‘बॉम्बे दोस्त’ मुख्यतः इंग्रजीत आणि काही प्रमाणात हिंदीत निघत असे. अमेरिकेत संगणकक्षेत्रात नोकरी करून परतलेल्या बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये पुण्यात ‘समपथिक ट्रस्ट’ स्थापन केला आणि पुढे ‘पार्टनर’ ही कादंबरी मराठीत लिहिली. (वपुंच्या गाजलेल्या पुस्तकाचेही नाव तेच असल्याने दुकानदाराला लेखकाचे नाव सांगून मागावे लागे आणि या पुस्तकाच्या बाबतीत ते सांगायलाच अनेकांची जीभ रेटत नसे.) मधल्या वीस वर्षांत मिरजेसारख्या गावातल्या, फक्त मराठी वाचणाऱ्या माणसाला या विषयावर गंभीरपणे लिहिलेले काय हाती लागत होते? फार तर तेंडुलकरांचे नाटक. आपल्या म्हणण्यातला खरा भाग हा एवढा आहे आणि तो लहान नाही.

प्रश्न : समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ विरुद्धची लढाई न्यायालयात लढली गेली आणि तेथेच जिंकली गेली. मग नाटके, लघुपट, महोत्सव यांवर इतकी शक्ती का खर्च केली गेली? तीच वकिलांवर आणि जनजागृतीवर खर्च करता आली नसती का?
– एक निवृत्त वकील, पुणे

उत्तर : आपण वकील आहात, म्हणून आधी न्यायालयातलीच गोष्ट सांगतो. एचआयव्ही-प्रतिबंधाचे काम करणाऱ्या नाझ फाउंडेशनने २००१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. ती २००४ मध्ये फेटाळली गेली, कारण या कायद्याची प्रत्यक्ष झळ बसलेली व्यक्ती समोर नाही, प्रश्न केवळ तात्त्विक आहे, असे न्यायालयाला वाटले. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ते प्रकरण गुणवत्तेवर ऐकण्यासाठी परत पाठवले. हे संबंध गुन्हा नाहीत असे सांगणारा उच्च न्यायालयाचा २ जुलै २००९ चा निकाल, सर्वोच्च न्यायालयात ११ डिसेंबर २०१३ ला त्याचे उलटणे आणि ६ सप्टेंबर २०१८ ची अंतिम सुटका हा पुढचा क्रम आपल्याला ठाऊकच आहे. मात्र २०१८ च्या निकालावर ज्यांचे नाव आहे ते नवतेज सिंग जोहर हे भरतनाट्यम नर्तक आहेत, याकडे वकील मंडळींचे सहसा लक्ष जात नाही. ‘झळ कोणाला बसली?’ या प्रश्नाला माणसांनी स्वतःच्या नावानिशी उत्तर द्यायचे, तर त्याआधी अशा माणसांना कोठेतरी एकत्र बसण्याची सवय व्हावी लागते. माझ्या समजुतीप्रमाणे ती सवय लावण्याचे काम कलेने केले.

हे कसे घडत असे, ते पाहिलेल्या एका प्रसंगावरून सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका पहिल्या मजल्यावरच्या छोट्या सभागृहात याच विषयावरील नाटकाचे अभिवाचन होते. तीसएक खुर्च्या होत्या आणि प्रत्येक दोन माणसांमध्ये एक खुर्ची रिकामी होती, जणू सगळेच योगायोगाने तेथे आले होते. सभागृहाच्या शिरस्त्याप्रमाणे दाराशी हजेरीवही ठेवलेली होती. निघताना मी ती चाळली. माझ्यासारख्या दोन-तीन आगंतुकांनी पूर्ण नाव, पत्ता आणि सही केली होती. बाकी रकान्यांत कोणी ‘रसिक’ लिहिले होते, कोणी ‘रसिक प्रेक्षक’, एकाने नुसतेच ‘कोथरूड’. त्याखाली वेगळ्या अक्षरात पुन्हा ‘रसिक’.

सभेला, मोर्चाला किंवा वकिलाच्या कचेरीत जाणाऱ्याला आपण कोण आणि कशासाठी आलो, हे सांगावे लागते. नाटकाला जाणाऱ्याला तिकिटापलीकडे कोणी काही विचारत नाही, आणि घरी विचारले तर “नाटकाला गेलो होतो” हे उत्तर मराठी घरात पुरते. या आडोशाचा उपयोग मुंबईत फार कल्पकतेने झाला. रियाद वाडिया यांनी १९९६ मध्ये आर. राज राव यांच्या कवितांवर ‘बॉमगे’ हा बारा मिनिटांचा लघुपट केला. तो सेन्सॉरकडे गेलाच नाही, खासगी खेळांतून पाहिला गेला. समलिंगी पुरुषांसाठी १९९४ मध्ये स्थापन झालेल्या हमसफर ट्रस्टला पुढे वाकोल्यात महापालिकेच्या इमारतीत जागा मिळाली ती आरोग्याच्या कामासाठी. पण नुसत्या तपासणीसाठी माणसे पुन्हा पुन्हा येत नाहीत, गप्पांसाठी आणि गाण्यांसाठी येतात. १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘गे बॉम्बे’ या गटाच्या कार्यक्रमांत चित्रपटांचे खेळ होते आणि पालकांच्या भेटीगाठीही होत्या. चेतन दातार यांचे ‘एक माधवबाग’ हे मराठी नाट्य तर आईच्याच तोंडी आहे. मुलाची डायरी हाती लागलेली आई बोलत राहते आणि मोना आंबेगावकर यांनी ते अनेक ठिकाणी सादर केले. मुलांनी घरी जे सांगायचे, ते एका नटीने आईच्या बाजूने आधीच बोलून दाखवले. मुलगा आणि आई एकाच रांगेत बसून हे ऐकू शकतात. प्रतिज्ञापत्र असे एकत्र ऐकले जात नाही.

हा आडोसा एकदा फाटला, तेही लक्षात ठेवावे. दीपा मेहता यांचा, दोन स्त्रियांच्या प्रेमावरचा ‘फायर’ हा चित्रपट सेन्सॉरने प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र देऊन, एकही दृश्य न कापता संमत केला होता आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये तो शांतपणे चालू होता. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुंबईत गोरेगावच्या सिनेमॅक्समध्ये आणि न्यू एम्पायरमध्ये शिवसैनिकांनी मोडतोड केली आणि दिल्लीत रीगलवर तोच प्रकार झाला. चित्रपट पुन्हा सेन्सॉरकडे गेला आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये पुन्हा तसाच, न कापता परत आला. पण मधल्या काळात, ७ डिसेंबरच्या संध्याकाळी, रीगलबाहेर मेणबत्त्या घेऊन जमलेल्या गर्दीत काही स्त्रियांच्या हाती ‘भारतीय आणि लेस्बियन’ असे फलक होते. तोपर्यंत दोन्ही शब्द एकत्र लिहून कोणी इतक्या उघडपणे रस्त्यावर उभे राहिल्याचे सामान्य वृत्तपत्रवाचकाने पाहिले नव्हते. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या बाजूने बोलणाऱ्या काही प्रतिष्ठितांना तो फलक अडचणीचा वाटला. चित्रपट ‘त्याबद्दल’ नाहीच, असे सांगणेही सुरू झाले. ती पळवाट नाकारणाऱ्यांतूनच दिल्लीत लेस्बियन हक्कांसाठीची मोहीम उभी राहिली. मुंबईत समलिंगी स्त्रियांचा ‘स्त्रीसंगम’ हा गट १९९५ पासून शांतपणे काम करीत होता. त्याच परंपरेतल्या कार्यकर्त्यांच्या सहभागातून २००३ मध्ये ‘लर्जिश’ हा चित्रपट महोत्सव झाला, आणि २०१० पासून ‘कशिश’ महोत्सव चालू आहे. तोही नेहमीच्या चित्रपटगृहात, रीतसर परवानगी घेऊन. सिनेमॅक्सच्या काचा फुटल्यापासून येथपर्यंतचे अंतर बारा वर्षांचे आहे.

प्रश्न : आपल्याकडे बालगंधर्वांची परंपरा आहे, तमाशातला नाच्या आहे. मग ही चळवळ परदेशी शब्द आणि परदेशी झेंडा घेऊन का आली? आपलेच जुने तिने पुढे का आणले नाही?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : प्रश्न चांगला आहे, पण त्यात एक घोटाळा दडलेला आहे. स्त्रीभूमिका करणे आणि समलिंगी असणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. स्त्रियांना रंगमंचावर येण्याची मुभा नव्हती म्हणून स्त्री-पार्टी नट होते. बालगंधर्वांच्या शालीनतेवर अख्खा महाराष्ट्र लुब्ध झाला आणि त्यांची साडी नेसण्याची ढब घरंदाज स्त्रियांनी उचलली, ते कलेचे कौतुक होते. त्यावरून नटाच्या खासगी आयुष्याविषयी निष्कर्ष काढू नयेत. नाच्याचे दुःख आणखी निराळे. गणपत पाटील यांचे ‘आत्ता गं बया’ ऐकून तीन पिढ्या हसल्या, पण घरसंसार असलेल्या या कसलेल्या नटाला पडद्याबाहेरही तीच टवाळी सोसावी लागली. ज्या परंपरेत बायकी पुरुष केवळ हसण्यासाठी उभा केला जातो, ती हक्क मागणाऱ्याने अभिमानाने कशी मिरवावी? सुरुवातीचे कार्यकर्ते तिच्यापासून दूर राहिले, ते मला तरी समजू शकते. त्यात शहरी, इंग्रजी शिकलेल्या वर्गाचा सोवळेपणाही होता, हेही खरे.

परदेशीपणाचे म्हणाल, तर कलम ३७७ हेच १८६० च्या इंग्रजी कायद्याचे अपत्य होते. १६ ऑगस्ट २००८ रोजी, स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी, मुंबईत निघालेल्या अभिमानयात्रेत ब्रिटिश सरकारने या कायद्याबद्दल माफी मागावी, अशी मागणी झाली.

प्रश्न : आमच्या वाचनालयात या विषयावर एका नाटकाचे अभिवाचन ठेवण्याचा विचार आहे. फलकावर कोणता शब्द लिहावा? समलिंगी, समलैंगिक, गे? शिवाय आमच्या कार्यकारिणीतील एक ज्येष्ठ सदस्य बरेच नाराज आहेत.
– एक ग्रंथपाल, सांगली जिल्हा

उत्तर : ‘समलिंगी’ लिहावे. ‘समलैंगिक’ही रूढ आहे आणि चुकीचे नाही, पण त्या शब्दात लोकांना आधी ‘लैंगिक’ ऐकू येते आणि माणूस मागे पडतो. ‘गे’ तरुणांच्या तोंडी आहे, तो स्त्रियांना मात्र सामावून घेत नाही. ‘तृतीयपंथी’ हा निराळ्या समूहाचा शब्द आहे, तो येथे सरसकट वापरू नये. कार्यक्रमाच्या नावातच विषय लिहावा की नाटकाचे नुसते नाव द्यावे, हे गाव पाहून ठरवा. नुसते नाव दिले तर ज्यांना यायचे आहे त्यांची सोय होईल.

ज्येष्ठ सदस्यांना पहिल्या रांगेत बसवा आणि प्रास्ताविक त्यांनाच करायला सांगा. नाराज माणूस प्रास्ताविकाची तयारी करताना संहिता वाचतो, असा माझा अनुभव आहे. खुर्च्या मोजून मांडू नका, जास्तीच्या ठेवा, म्हणजे मध्ये एक सोडून बसता येईल. आणि हजेरीवही त्या दिवशी कपाटातच राहू द्या. अनुदानासाठी आकडा लागत असेल तर डोकी मोजून तुम्हीच लिहा.