वडिलांची अंत्ययात्रा हायवेवरून न्यायची म्हटलं की पोटात गोळा येतो

"आण्णा अजून आहेत आणि मी आत्ताच त्यांना नेताना ट्रक आला तर काय याचा विचार करतेय, मी किती वाईट मुलगी असेन." माझ्याकडं समुपदेशनाला आलेल्या एक ताई पहिल्याच सेशनला हे बोलल्या आणि रडायला लागल्या. (ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.)

आण्णांना शेवटच्या स्टेजचा कॅन्सर, डॉक्टरांनी घरी न्या सांगितलेलं. गाव पुणे-सोलापूर हायवेलगत, घर अलीकडं आणि स्मशानभूमी पलीकडं नदीकाठी. चुलते गेले तेव्हा निघायला अंधार पडलेला, एक कंटेनर इतका चिकटून गेला की खांदेकरी दचकले आणि तिरडी कलली. कुणाला लागलं नाही पण ताईंची झोप तेव्हापासूनच उडालेली.

ही काळजी माझ्याकडं बरेच जण घेऊन येतात आणि सगळेच चोरी केल्यासारखं हळू आवाजात सांगतात, कारण मरणाचं आधी बोललं की मरण ओढवतं असं आपल्या मनात पक्कं बसलंय. मी ताईंना सरळच सांगितलं की तुम्ही आण्णांचं मरण चिंतत नाही आहात, तुम्हाला चुलत्यांच्या वेळचा धसका बसलाय. आणि भीती काही खोटी नाही हो. पुढं मडकं धरून चालणारा मुलगा रडत असतो, त्याचं लक्ष रस्त्यावर कसं असेल, खांदा बदलायला माणसं ट्रॅफिकच्या बाजूनंच येतात, म्हातारी माणसं मागं रेंगाळतात, लाह्यांबरोबर उधळलेली नाणी वेचायला पोरं वाकतात. मिरवणुकीजवळून जाताना ताशी 25 किलोमीटरच्या वर स्पीड नको असं 1989 च्या रस्ता नियमांत होतं (2017 ला त्यांच्या जागी नवे नियम आले), पण ऐंशी-नव्वदनं येणाऱ्याला तिरडी दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

घरात भांडण वेगळंच. गाडीचं नाव काढलं की थोरला भाऊ भडकायचा, "बेवारशासारखं गाडीत घालून नेऊ का, चार खांदेकरी मिळाले नाहीत म्हणतील लोक." पुढच्या वेळी त्यालाही बोलावलं. रस्त्याविषयी काहीच न बोलता आण्णांविषयी विचारलं, तर कळलं बापलेक दोघंही वारकरी. मग म्हटलं, दादा, दिंडीत सगळे भजनात असले तरी कधी थांबायचं कधी निघायचं हे चोपदार बघतो ना, मग अंत्ययात्रेत कोण बघणार? तो बराच वेळ गप्प होता, मग स्वतःच म्हणाला की हे काम भावकीतल्याचं नाही, न रडणारा माणूस पाहिजे. शेजारचा एक ट्रॅक्टरवाला त्यानंच सुचवला.

पुढचं दोघांनीच ठरवलं. घरापासून वेशीपर्यंत खांद्यावर, विसावा वेशीतल्या मारुतीपाशी आणि शववाहिनी तिथंच उभी. डिव्हायडरच्या फटीतून घुसायचं नाही, थोडं लांब पडलं तरी भुयारी मार्गानं जायचं, माणसं टेम्पोत बसवायची आणि पलीकडं उतरल्यावर परत खांदा. शक्यतो उजेड असताना निघायचं, पोलीस ठाण्याला आधी फोन करायचा, ऐनवेळी अडचण आली तर 112, आणि सगळ्यात मागं ट्रॅक्टर ब्लिंकर लावून. नाणी उधळायची ती गल्लीतच. आण्णांना विचारलं तर ते म्हणाले, मारुतीपुढं अभंग म्हणा, बाकी तुमचं तुम्ही बघा. (मला वाटतं भावाचा राग तिथंच संपला.)

आण्णा नंतर गेले, ठरल्याप्रमाणं नेलं. ताईंच्या कंटेनरच्या आठवणीवर मात्र आम्हाला वेगळी सेशन घ्यावी लागली. असं काही बघितल्यावर महिना उलटूनही झोप लागत नसेल, मागून हॉर्न वाजला की छातीत धडधडत असेल, तर नुसत्या प्लॅनिंगनं भागत नाही. जवळ कुणी समुपदेशक नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनच्या 14416 वर फोन करा, मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.