बेसमेंटातली खोली उजेडाची होते, पण आधी खिडकी मोजून घे

अगं, तुझा प्रश्न वाचला आणि हातातलं काम तसंच राहिलं. कॅनडात ब्रॅम्प्टनला भाड्याचं बेसमेंट ठरतंय, बेडरूमला छताजवळ एकच आडवी खिडकी आहे, मुलगा पहिलीत जाणार, आणि ती खोली उजेडाची, मोकळी कशी वाटेल, असं तू उदगीरहून विचारलंस. व्हिसा, बँक, हेल्थ कार्ड हे सरकारी पानांवर नीट दिलेलं आहे, ते मी सांगत बसत नाही.

आधी रंग. सगळे म्हणतील पांढराशुभ्र दे. देऊ नकोस. जिथं मुळात उजेड कमी, तिथं शुभ्र रंग राखाडी दिसायला लागतो. किंचित पिवळसर झाक असलेला क्रीम घे. छताखालून जाणारे गरम हवेचे पाइप झाकायला चौकोनी पेट्या ठोकलेल्या असतात, त्यांनाही भिंतीचाच रंग दे. कडा डोळ्यांत भरल्या नाहीत की छत अंगावर येत नाही. आपल्याकडं माळवदाच्या एका सान्यातला, म्हणजे छताच्या झरोक्यातला, उजेड पांढऱ्या मातीनं पोतारलेल्या भिंती घरभर पसरवायच्या, तेच काम इथं या रंगाचं.

पडद्याचा दांडा छताला लागून लाव, खिडकीच्या दोन्ही बाजूंना हातभर जास्त, आणि पडदा थेट जमिनीपर्यंत सोड. दिवसा तो काचेवरून पूर्ण बाजूला सरकला पाहिजे. आरसा खिडकीसमोरच्या भिंतीला. पलंग बुटका घे. मधोमध एकच दिवा असला की कोपरे काळे राहतात, म्हणून तीन कोपऱ्यांत तीन दिवे ठेव, त्यातल्या एकाचं तोंड छताकडं. बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो, उजेड किती पिवळा, किती पांढरा ते सांगणारा: संध्याकाळसाठी 2700 ते 3000, मुलाच्या अभ्यासाच्या टेबलावर 4000. डिसेंबरात इथं पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, लेकरू शाळेतून आलं की दिव्यातच बसणार. उन्हाळ्यात खाली ओल धरते, तेव्हा डीह्युमिडिफायर लाव, आर्द्रता 50 टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नकोस, आणि कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढं ठेव, नाहीतर मागं बुरशी चढते.

आता खिडकी. मी औसा तालुक्यातली. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपानंतर किल्लारीच्या आजूबाजूची माणसं कितीतरी दिवस छताखाली झोपायला तयार नव्हती, माझी आई त्यातलीच. आम्ही बेसमेंटात राहायचो तेव्हा व्हिडिओ कॉलवर मी तिला नवा रंग दाखवायचे, पडदे दाखवायचे, आणि ती म्हणायची, ते राहू दे, बाहेर पडायची जागा दाखव. तिचंच बरोबर होतं. बेडरूमला थेट बाहेर उघडणारं दार नसेल तर खिडकीतून माणूस निघाला पाहिजे: उघडल्यावर मोकळी जागा 0.35 चौरस मीटर, आणि कुठलीच बाजू 380 मिलिमीटरहून कमी नको. खिडकीबाहेर पत्र्याचा अर्धगोल खड्डा असतो. त्यातली पानं काढून पांढरी खडी टाकलीस तर आत उजेड वाढतो, पण हिवाळ्यात त्यात साचलेला बर्फ उपसत राहा, तो रस्ता अडता कामा नये.

एकटं वाटतं का, हेही विचारलंस. वाटतं. मंडळ आहे, गणपती बसतो, माणसं भेटतात. पुढं.

खरं सांगायचं ते कागदाचं. आमच्या घरमालकानं बेसमेंटची शहराकडं नोंदणीच केलेली नव्हती, म्हणून तो लेखी करार द्यायला तयार नव्हता. भाडं रोख घ्यायचा. शाळा पत्त्याचा पुरावा मागायची. त्याच्याकडं मागितला की आज देतो, उद्या देतो. वरची त्याची मुलं सकाळी घराच्या बाजूच्या वाटेनं निघायची आणि माझी लेक पलंगावर उभी राहून त्या आडव्या खिडकीतून त्यांचे बूट बघायची. लाल आले, निळे आले, असं मला सांगायची. आपण लातूरची माणसं, शाळेसाठी खेड्यातून शहरात खोली करून राहणारी. माझं लेकरू घरात, आणि ती मुलं आमच्या खिडकीवरून शाळेत. हे मला आजही सहन होत नाही. प्रवेश मिळाला तेव्हा तिला इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या गटात बसवलं आणि शेरा आला, मुलगी शांत आहे. ती शांत नव्हती. लातूरला वर्गात तिला गप्प बसवावं लागायचं. आता मोठी झाली, म्हणते, आई, मला काही आठवत नाही. मला सगळं आठवतं.

आम्ही आलो तेव्हा नव्हतं, पण 30 एप्रिल 2018 पासूनच्या भाडेकरारांना इथं ऑन्टारियो प्रांतात सरकारी नमुना सक्तीचा आहे. लेखी मागितलास तर घरमालकानं तो 21 दिवसांत द्यायचा असतो. नोंदणी आहे का, तेही विचार. आणि मुलाला कांजिण्यांची लस तिथंच टोचून कार्डावर लिहून घे; आपल्या सरकारी लसीकरणात ती नाही, इथं शाळा मागते.

पत्ता कळव. शनिवारी मी स्वतः टेप घेऊन जाते, खिडकी आतून-बाहेरून मोजते आणि फोटो पाठवते. तोवर कुणालाही एक डॉलर पाठवू नकोस.